नवा टीव्ही लावला आणि ‘नो सिग्नल’: दोष टीव्हीत नसतो तेव्हा काय तपासायचं

तक्रार ठरलेली असते. “नवीन टीव्ही आणलाय, यूट्यूब मस्त चालतंय, पण चॅनेलच येईनात.” किंवा “चित्र येतंय, पण काळं-पांढरं.” किंवा “चित्र झकास आहे, आवाजच नाही ओ.” त्यानंतर दुकानदाराशी भांडण, कंपनीच्या कस्टमर केअरला फोन, एखाद्याला टीव्ही बदलूनही मिळतो, आणि बदललेल्या टीव्हीवरही तेच. सोलापुरात टीव्ही दुरुस्तीचं काम करताना हे माझ्याकडे सतत येतं. नव्या टीव्हीचं पॅनेल किंवा बोर्ड खरोखर खराब निघतं, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा टीव्ही धडधाकट असतो. घरात येणारा सिग्नल आणि त्या टीव्हीचा ट्यूनर (सिग्नलमधून चॅनेल वेगळे काढणारा आतला भाग) किंवा सॉकेट यांचं जुळत नसतं. अशा वेळी त्याच मॉडेलचा दुसरा टीव्ही आणून काहीच फरक पडणार नाही.

माणसं आधी इंच बघतात, मग किंमत, मग ॲप. घरात वायर कुठून येते हे टीव्ही भिंतीवर चढल्यावर आठवतं. हा क्रम उलटा करा, एवढंच माझं म्हणणं आहे. टीव्ही आणून बसला असाल तरी तपासणी इथूनच सुरू करायची.

घरात येणारी वायर नेमकी कशाची?

छतावरच्या जुन्या ॲंटेनाचं आधी उरकून टाकू. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या वेळी सुरू झालं, तेही पाल नावाच्या पद्धतीने. चित्रात ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. दूरदर्शनने ती जमिनीवरची ॲनालॉग प्रक्षेपणं २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद केली. त्याची डिजिटल जागा घेणारी डीव्हीबी-टी२ पद्धत निवडक शहरांपुरतीच राहिली. त्यामुळे खोक्यावर ‘डीव्हीबी-टी२’ लिहिलंय म्हणून सोलापुरात कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. माळवदावरचा काड्यांचा ॲंटेना नव्या टीव्हीला जोडून रात्रभर चॅनेल शोधत बसणारे लोक मी पाहिलेत. हवेत काही नसेल तर टीव्ही तरी काय दाखवणार?

केबलचं वेगळं आहे. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती, त्यात सोलापूर होतं, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्याआधी केबलवाल्याची वायर थेट टीव्हीत खुपसली की चॅनेल दिसायचे. आता त्या वायरीत डीव्हीबी-सी पद्धतीचा सिग्नल येतो आणि तो कुलूपबंद असतो. बऱ्याच नव्या टीव्हींमध्ये डीव्हीबी-सी ट्यूनर असतोच. म्हणून वायर थेट लावून स्कॅन केलं की चॅनेलची भलीमोठी यादी मिळते, नावंसुद्धा बरोबर येतात. चॅनेल लावला की काळा पडदा आणि ‘स्क्रॅम्बल्ड’. इथेच लोक टीव्हीला दोष देतात. कुलपाची किल्ली केबलवाल्याच्या सेटटॉप बॉक्समध्ये असते. काही टीव्हींना मागे कार्डासाठी सीआय नावाची खाच असते, पण तिच्यात बसणारं मॉड्यूल आपल्याकडे ऑपरेटर सहसा देत नाहीत. त्या खाचेच्या भरवशावर बॉक्स परत करू नका.

डीटीएचचंही तेच, फक्त वायर गच्चीवरच्या छत्रीतून येते आणि पद्धत डीव्हीबी-एस२ असते. पैसे भरून बघायचे चॅनेल त्या कंपनीच्या बॉक्सशिवाय उघडत नाहीत. टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर असला तरीही.

मग तो ट्यूनर कामाला येतो कशासाठी? फ्री डिशसाठी. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. महिन्याचा रिचार्ज नाही, आणि चॅनेल कुलूपबंद नसल्याने टीव्हीतला ट्यूनर ते सरळ उघडतो. अशा आत ट्यूनर असलेल्या टीव्हींसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानकही काढलंय. चित्र दाबून पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत: फ्री डिशवर काही चॅनेल एमपेग-२ मध्ये येतात, काही एमपेग-४ मध्ये. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर दुसऱ्या प्रकारचे दिसत नाहीत, आणि लोक म्हणतात छत्री हलली. एस२ आणि एमपेग-४ दोन्ही असलेला टीव्ही घेतला तर हा त्रास मिटतो आणि एक रिमोटही कमी होतो. पेन्शनवर राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरासाठी मी असाच टीव्ही सुचवतो.

पण सोलापुरात एक गोष्ट आधी विचारावी लागते: घरात बघतात काय? अशोक चौकाच्या बाजूला, विणकर वस्तीत घरोघरी तेलुगू चालतं. अक्कलकोटकडच्या माणसांना कन्नड लागतं. फ्री डिशवर दूरदर्शनचे सह्याद्री, चंदना, यादगिरी, सप्तगिरी मिळतात, पण खासगी तेलुगू-कन्नड वाहिन्यांच्या मालिका रोज हव्या असतील तर केबल किंवा डीटीएच ठेवावंच लागेल. त्या घराला सॅटेलाइट ट्यूनरचा टीव्ही महागात विकणं मला पटत नाही. त्यांनी तो पैसा एक एचडीएमआय सॉकेट जास्त असलेल्या टीव्हीवर घालावा.

एक वायर, दोन सॉकेट

अशाच एका घरातली गोष्ट सांगतो, कारण ती पुन्हा पुन्हा घडते. घरच्या अण्णांनी डीटीएचचा बॉक्स काढून ठेवला होता. टीव्हीच्या खोक्यावर ‘बिल्ट-इन सॅटेलाइट’ वाचलं होतं आणि बॉक्सची गरज संपली असं धरलं होतं. टीव्हीच्या मागे वायरीची दोन गोल सॉकेट होती. एक साधं, पिन ढकलून बसवायचं, ॲंटेना आणि केबलसाठी. दुसरं आट्यांचं, नटासारखं फिरवून बसवायचं, छत्रीसाठी. छत्रीच्या वायरीला आट्यांची पिन असते, तीवर बाजारात मिळणारा जोड चढवून अण्णांनी ती साध्या सॉकेटात बसवली होती. चॅनेल शून्य. मी ती काढून आट्यांच्या सॉकेटात लावली, स्कॅन केलं, यादी भरली, पण एक सोडून सगळ्यांवर कुलपाचं चिन्ह. छत्री त्यांच्या डीटीएच कंपनीच्या उपग्रहाकडे तोंड करून होती आणि तिथून येणारा माल पैसे भरणाऱ्यांचाच होता. बॉक्स परत लावला, एचडीएमआय वायरीने टीव्हीला जोडला, दोन मिनिटांत अण्णांच्या घरची मालिका सुरू.

त्यांना फ्री डिशच हवी असती तर छत्री जीसॅट-१५ कडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेकडे वळवावी लागली असती. सोलापूरहून ही दिशा जवळपास नेमकी आग्नेय पडते, आणि उंची क्षितिजापासून साधारण ६१ अंश. आपल्याकडच्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या, म्हणजे सिग्नल मधोमध नाही तर खालच्या बाजूला गोळा करणाऱ्या, असल्याने त्या दिसायला इतक्या वर बघताना दिसत नाहीत, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. टीव्हीच्या मेनूत एलएनबीची (छत्रीच्या तोंडावरची सिग्नल पकडणारी डबी) वारंवारता ९७५० आणि १०६०० ठेवा. ‘एलएनबी पॉवर’ चालू आहे ना ते बघा, कारण छत्रीच्या तोंडावरच्या त्या डबीला वीज टीव्हीकडूनच जाते, १३ किंवा १८ व्होल्टची. ती बंद असेल तर छत्री कितीही अचूक लावा, सिग्नलची पट्टी शून्यावरच राहते. उपग्रहांच्या यादीत ९३.५ नसेल तर ‘इतर’ निवडून ब्लाइंड स्कॅन करायचं, म्हणजे आधी माहिती न भरता टीव्हीला स्वतःच सगळे चॅनेल शोधू द्यायचे.

चित्र काळं-पांढरं येतंय

जुना बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, लग्नाच्या कॅसेटचा व्हीसीआर, जे काही पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांनी जोडलंय तिथे ही तक्रार हमखास. कारणं तीन, आणि तिन्ही मला सारखी भेटतात.

पहिलं, पिवळी पिन हिरव्या सॉकेटात. टीव्हीवर कंपोनंटची हिरवी-निळी-लाल अशी वेगळी रांग असते. तिच्यातल्या हिरव्यात फक्त उजेड-अंधाराची माहिती वाचली जाते, म्हणून पिवळी पिन तिथे लावली की चित्र स्पष्ट पण बेरंग. काही टीव्हींत एव्ही आणि कंपोनंट यांचं एकच सामाईक हिरवं-पिवळं सॉकेट असतं. तिथे पिन बरोबर असते, रिमोटवरून सोर्स मात्र ‘कंपोनंट’ निवडलेला असतो. ‘एव्ही’ निवडा, रंग येतात.

दुसरं, पद्धतीचा फरक. आपली पाल, अमेरिका-जपानची एनटीएससी. तिकडे ५२५ रेषा आणि ६० हर्ट्झ, आणि रंगाची माहिती वाहणारी लहर ३.५८ मेगाहर्ट्झची. पालमध्ये तीच ४.४३ ची. टीव्ही एका लहरीची वाट बघतोय आणि दुसरी येतेय, तर तो रंग सोडून देतो, किंवा चित्र वरखाली फिरत राहतं. अमेरिकेतल्या मुलीने पाठवलेली बारशाची डीव्हीडी, तिकडचा जुना कॅमकॉर्डर, यांत हे होतं. मेनूत ‘कलर सिस्टीम’ शोधा, ‘ऑटो’ करा. बहुतेक नवे टीव्ही दोन्ही ओळखतात, कुणीतरी कधीतरी ते ‘पाल’ वर अडकवून ठेवलेलं असतं.

तिसरं जास्त त्रासदायक. पातळ टीव्हींत आता तीन वेगळी सॉकेट नसतात, हेडफोनसारखं ३.५ मिलिमीटरचं एकच छिद्र असतं आणि त्याची छोटी जोडवायर खोक्यात येते. ती हरवली की लोक बाजारातून दुसरी आणतात. दिसायला सारखीच. पण तिच्या टोकावरच्या चार कड्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा एक नसतो. चित्राच्या जागी आवाज गेला की पडदा थरथरतो आणि स्पीकरमधून जोरात घुंऽऽ येतं. पलीकडच्या टोकाला पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्यात बदलून बघा, कधी कधी एवढ्यानेच जमतं. अर्थिंगची कडी वेगळ्या जागी असेल तर मात्र कितीही पिना बदला, उपयोग नाही. त्या टीव्हीसाठीचीच वायर आणावी लागते. म्हणून खोक्यातली ती बोटभर वायर पहिल्याच दिवशी टीव्हीच्या मागे टेपने चिकटवून ठेवा.

परदेशातून आणलेला टीव्ही

यावर जरा जास्त लिहितो, कारण इथे नुकसान मोठं होतं. प्लग सॉकेटात घालण्याआधी टीव्हीच्या पाठीवरचं लेबल वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर चिंता नाही. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढंच असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर लावायचाच नाही. नुसता प्लगचा आकार बदलणारा ॲडाप्टर व्होल्टेज कमी करत नाही. तो लावून बटण दाबलेले टीव्ही माझ्या टेबलावर येतात, आतला मोठा कपॅसिटर फुगून फाटलेला, पॉवर बोर्डावर काळा डाग. असा टीव्ही चालवायचा तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही लेबलावरच्या वॅटपेक्षा ऐसपैस जास्त ताकदीचा. ५० आणि ६० हर्ट्झचा फरक वीजपुरवठ्याला सहसा चालून जातो.

सिग्नलच्या बाबतीत मात्र तोच फरक आडवा येतो. आपल्याकडचे सेटटॉप बॉक्स एचडीएमआयमधून ५० हर्ट्झचं चित्र देतात, १०८०आय किंवा ५७६. अमेरिकेसाठी बनवलेले काही टीव्ही ५० हर्ट्झ घेतच नाहीत. वीज ठीक, वायर ठीक, बॉक्सचा दिवा हिरवा, आणि पडद्यावर ‘फॉरमॅट नॉट सपोर्टेड’. बॉक्सच्या मेनूत ६० हर्ट्झचा पर्याय असेल तर वाचलात, पण अनेक बॉक्समध्ये तो नसतो. तिथला ट्यूनर एटीएससी या अमेरिकी पद्धतीचा, तो इथे निव्वळ शोभेचा. असा टीव्ही मग इंटरनेटवरच्या कार्यक्रमांपुरता उरतो. आखातातून आणलेल्या टीव्हीचं गणित सोपं आहे. तिथलं व्होल्टेज साधारण आपल्याइतकंच, टीव्ही बहुधा पाल-सीकॅम-एनटीएससी या रंगाच्या तिन्ही पद्धती ओळखणारा, फक्त प्लगच्या तीन जाड चपट्या पिना बदलाव्या लागतात. तिकडून मुलगा टीव्ही आणू का विचारत असेल तर त्याला आधी पाठीवरच्या लेबलाचा फोटो पाठवायला सांगा.

एचडीएमआयची कटकट

वायर बसली म्हणजे जुळलं, असं नसतं. नव्या टीव्हींत प्रत्येक सॉकेटासाठी ‘स्टँडर्ड’ आणि ‘एनहान्स्ड’ असा पर्याय असतो, काही कंपन्या त्याला डीप कलर म्हणतात. एनहान्स्डवर जुना बॉक्स लावला की पडदा काळा पडतो किंवा चित्र लुकलुकतं. त्या सॉकेटाला ‘स्टँडर्ड’ करा. उलट फोर-के ६० हर्ट्झ देणारं यंत्र असेल तर एचडीएमआय २.० आणि ‘एनहान्स्ड’ हवंच, कारण १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्झपर्यंत जातं. चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील तर वायर बदला. दोन खोल्यांमधून ओढलेली लांब वायर फोर-केला बहुधा दगा देते.

बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये जुना होम थिएटर असेल आणि फक्त काही कार्यक्रमांनाच पडदा काळा होत असेल, तर ते कॉपी-संरक्षण आहे. फोर-के कार्यक्रमांना साखळीतल्या प्रत्येक यंत्रात एचडीसीपी २.२ लागतं. मधलं यंत्र वगळून बॉक्स सरळ टीव्हीला जोडा, खात्री पटेल.

नवी पेठेतल्या, चाटी गल्लीतल्या दुकानदारांचा प्रश्न वेगळा असतो: दुकानातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर. जुन्या डीव्हीआरला निळं पंधरा पिनांचं व्हीजीए सॉकेट, आणि नव्या टीव्हीतून व्हीजीए गायब. बाजारात एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी वायर स्वस्तात मिळते, ती चालत नाही. ॲनालॉगचं डिजिटल करायला मधे चिप लागते आणि चिपला वीज. यूएसबीची शेपटी असलेला कन्व्हर्टर घ्या. पिवळ्या पिनांच्या बाबतीतही दिशा बघून घ्यायची, ‘एव्ही ते एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय ते एव्ही’ या दोन वेगळ्या डब्या आहेत, उलट्या चालत नाहीत. डीव्हीआरचं रिझोल्यूशन आधी जुन्या मॉनिटरवर १२८० बाय १०२४ वरून १९२० बाय १०८० करून घ्या, नाहीतर कन्व्हर्टर नीट असूनही टीव्ही चित्र नाकारू शकतो.

आवाज नाही

होम थिएटर किंवा साउंडबार एचडीएमआयने जोडला असेल तर वायर ‘एआरसी’ लिहिलेल्या सॉकेटातच हवी (टीव्हीतला आवाज बाहेर तिथूनच जातो), आणि मेनूत सीईसी, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू. तरीही गप्प असेल तर डिजिटल आवाजाचा पर्याय ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला आवाज) करा. जुना ॲम्प्लिफायर नवे डॉल्बी प्रकार ओळखत नाही, पीसीएम ओळखतो. ॲंटेनाच्या सॉकेटातून जोडलेल्या जुन्या बॉक्सला चित्र येऊन नुसता खरखराट येत असेल तर टीव्हीत साउंड सिस्टीम ‘बीजी’ करा आणि देश ‘भारत’ निवडा. आपल्याकडे आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो, ब्रिटनच्या पद्धतीत ६ वर.

घ्यायलाच निघाला असाल तर

सध्याच्या टीव्हीच्या मागचा आणि बॉक्सच्या मागचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. दुकानात समोरून नाही, मागून टीव्ही बघा. बॉक्स, साउंडबार, डीव्हीआर, मुलांचा गेम, जे जोडणार ते मोजा आणि एचडीएमआय सॉकेट त्याहून एक जास्त घ्या. दोनच सॉकेट असलेला मोठा टीव्ही माझ्या मते वाईट सौदा आहे, मग पॅनेल कितीही सुंदर असो. भिंतीला चिकटवणार असाल तर सॉकेट बाजूला आहेत की सरळ मागे, तेही बघा. मागे असली की वायर वाकते आणि काही महिन्यांत सॉकेट सैल होतं. शक्य असेल तर आपला बॉक्स आणि त्याची वायर दुकानात सोबत न्या, तिथे लावून स्वतःच्या डोळ्यांनी मेनू आणि आवाज तपासा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

आणि हे सगळं जुळवूनही पडद्यावर उभी रेघ असेल, एकाच बाजूला अंधार असेल, सगळी सॉकेट वेगवेगळ्या यंत्रांनी आणि वायरींनी तपासूनही एखादं मेलेलंच राहत असेल, किंवा टीव्ही आपोआप बंद-चालू होत असेल, तर तो खरा दोष आहे. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, बिल आणि अनुक्रमांकाचा फोटो जोडा, आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्या. तोवर टीव्हीचं खोकं आणि थर्माकोल भंगारवाल्याला देऊ नका.